काटा हलला पाहिजे

फोनची बॅटरी किती उरली हे आपल्याला टक्क्यांत कळतं, आणि तो आकडा खोटा असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. आमच्या आबांनी मात्र गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवणं कधीच सोडून दिलं होतं. पेट्रोल भरलं की ते किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचे आणि पुढचा हिशोब मनात करायचे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७९ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली जायची. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मेडशीत ती आमची 'फियाट'. आबांनी घेतली तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. वाशीम जिल्हा झाला १९९८ साली.

पेट्रोलचा हिशोब वहीवर भागायचा, पण इंजिनच्या उष्णतेचा हिशोब वहीवर भागत नाही. एका मे महिन्यात अकोल्याहून येताना पातूरच्या घाटात पाणी उकळलं आणि हेड गॅस्केट गेलं. तापमानाचा काटा तेव्हाही थंडवरच होता. त्या दिवसापासून आबांनी स्टेअरिंगला हात लावला नाही.

गेल्या दोन वर्षांत इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे मात्र मेलेलेच. आबा गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "रंग तं मस्त झाला. पन काटा हालत नाही तोवर म्या काही घाटात नेत नाही." ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायला मला भीती वाटली.

एका मेकॅनिकनं नवं डिजिटल मीटर सुचवलं. पण मला आधी कारण हवं होतं. स्पीडोमीटर चालू होता, यात नवल नव्हतं. तो विजेवर चालत नाही. गिअरबॉक्सकडून येणारी केबल आत एक चुंबक फिरवते आणि त्याच्या ओढीनं काटा सरकतो. बाकीचे दोन काटे विजेवर चालतात. दोन्ही एकाच दिवशी स्वतःहून बिघडण्यापेक्षा दोघांना मिळून येणारा करंट तुटलेला असण्याची शक्यता जास्त.

चावी फिरवून मीटरमागच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला, पेटला नाही. फ्यूजच्या एका टोकाला पेटला, दुसऱ्या टोकाला नाही. फ्यूज दिसायला शाबूत होता, पण त्याच्या निमुळत्या टोकांवर आणि पकडीवर हिरवट गंज चढला होता. पॉलिश पेपरनं घासून नवा फ्यूज बसवला. इंजिन सुरू केलं आणि दहा मिनिटांत तापमानाचा काटा सावकाश वर सरकला.

पेट्रोलचा काटा तसाच. टाकीवरच्या फ्लोटची वायर चावी बंद ठेवून काढली, टाकीपासून लांब बॉडीला जोडली आणि मग चावी फिरवली. काटा एका टोकाला गेला. वायर सोडल्यावर दुसऱ्या टोकाला. म्हणजे मीटरही ठीक आणि तिथवरची वायरही ठीक. उरला फ्लोट किंवा त्याचं अर्थिंग. फ्लोटच्या पत्र्यापासून चॅसीपर्यंत तात्पुरती वायर टाकली आणि काट्यानं अर्धी टाकी दाखवली. आम्ही कौतुकानं मारलेला नवा रंगच मध्ये आला होता. रंगातून करंट जात नाही. बोल्टखालचा रंग रुपयाएवढा खरवडला, काम झालं.

दोन्ही दुरुस्त्यांचा खर्च म्हणजे एक फ्यूज आणि पॉलिश पेपरचा तुकडा.

पुढच्या रविवारी आबा चालवायला बसले. स्टेअरिंगजवळचा गिअर त्यांच्या हाताला अजून पाठ होता. पातूरच्या घाटात काटा मधल्या खुणेच्या वर गेला तसे ते न बोलता कडेला थांबले. बॉनेट उघडून ठेवलं, इंजिन तसंच चालू ठेवलं. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाले, "रेडिएटरले नको, आता मले दे."

काटा खाली आल्यावर आम्ही पुढे निघालो. मेलेला काटा थंडवर थांबतो, म्हणून तो नसलेल्या काट्यापेक्षा वाईट. तो सगळं ठीक आहे असं सांगत राहतो. आबांना गाडी थंड हवी होती असं नाही. ती तापली की तिनं तसं सांगावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.