काकू, टेन्शन घेऊ नका

१४ जून २०२४, कुरुंदा
दुपारी पुण्याहून, वाकडच्या सोसायटीतून सेक्रेटरींचा फोन. आपला फ्लॅट गेल्या आठवड्यात रिकामा झाला, मेंटेनन्स मार्चपासून थकलाय, आणि खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय. मला यातलं एक अक्षर ठाऊक नाही. एजंटला लावला. "हो काकू, सांगणारच होतो. चाव्या मी घेतल्यात, सगळं चेक केलंय. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

वर्षभर हेच वाक्य ऐकतेय. भाडं तो घेणार, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स भरणार, देखरेखीचे म्हणून हजार रुपये स्वतःचे कापणार आणि उरलेले मला पाठवणार, असं ठरलं होतं. मेंटेनन्सचे पैसे दर महिन्याला कापलेत. माझ्या पासबुकात दिसतंय ते.

१६ जून
चिंचवडच्या भाचीला फ्लॅटवर पाठवलं. तिनं व्हिडिओ कॉल लावला. सिंकखालची ट्रॉली पाण्यानं फुगून तिचं लॅमिनेट पुस्तकाच्या पानासारखं सुटलंय. ड्राय बाल्कनीतल्या जाळीत केसांचा आणि साबणाचा काळा गोळा, मशीनचं पाणी तुंबून भिंतीच्या कडेनं पांढरं खार चढलेलं. "मावशी, निदान जाळी साफ करू का?" म्हटलं, हात लावू नकोस. आधी फोटो, सेक्रेटरींना उभं करून, तारखेसकट. त्यांची सही असलेला कागद.

हे कुरुंद्यात कुणाला शिकवावं लागत नाही. २०२२ च्या जुलैत गावात पाणी शिरलं तेव्हा ज्यांनी तलाठी यायच्या आत घरातला गाळ उपसला, त्यांना नंतर पंचनाम्यासाठी काय काय सांगत बसावं लागलं ते आम्ही बघितलंय.

१९ जून
कराराची प्रत मागितली. नोटरीचा लाल शिक्का मारलेला, पाचशेच्या बाँडवरचा कागद आला. रजिस्ट्रेशनचे म्हणून त्यानं माझ्याकडून साडेतीन हजार घेतले होते. ऑनलाइन रजिस्ट्रेशनला मालकाचा फोटो आणि अंगठा लागतो. माझा अंगठा घ्यायला कुणी आलं नाही तेव्हा विचारलं होतं, तर "नंतर होतं काकू" म्हणाला होता.

वसमतला वकिली करणारा भाचा संध्याकाळी आला. त्यानं हिशेबच मांडला. भाडं बावीस हजार, अकरा महिने, डिपॉझिट सहासष्ट. पाव टक्का मुद्रांक म्हणजे सहाशे वीसच्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार, वर थोडा किरकोळ खर्च. दोन हजारांच्या आतलं काम.

मग त्यानं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काढला. कलम ५५: करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करारातल्या अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे पैसे त्यानं खाल्ले आणि आरोपी मी. या कायद्यात मालक आहे, भाडेकरू आहे. मधला माणूस नामानिराळा.

२० जून
फ्लॅटमध्ये भाड्यानं राहिलेल्या पोरांशी बोलले. दोघंही कंपनीत आहेत, बोलायला सरळ. डिपॉझिट सहासष्ट दिलं म्हणतात, एजंटची पावती दाखवली. माझ्याकडे चव्वेचाळीसच आले. "काकू, पाणी तुंबतंय हे आम्ही जानेवारीतच कळवलं होतं," म्हणून त्याला टाकलेले मेसेज पाठवले. त्याचं उत्तर: "बघतो." मी उगीच या पोरांवर डाफरायच्या तयारीत होते. चव्वेचाळीस हजार त्यांना परत पाठवले.

२७ जून
यांच्यासोबत वसमतच्या मोंढ्यात. उरलेली सेलम हळद विकायला काढली. अडत्यानं तिथल्या तिथं पट्टी हातात दिली: वजन, भाव, हमाली, तोलाई, वजा जाता रक्कम. अडत्याला बाजार समितीचं लायसन लागतं. पैसे बुडवले तर जाऊन ओरडायला एक ऑफिस आहे. हे म्हणाले, "हळदीच्या पोत्याला जेवढा धनी हाय तेवढा तुझ्या फ्लॅटला न्हाई." मी पट्टी घडी घालून पर्समध्ये ठेवली. असं एक पान जरी त्यानं दर महिन्याला दिलं असतं!

१ जुलै
आजपासून भारतीय न्याय संहिता. भाचा सकाळीच म्हणाला, विश्वासघाताचा गुन्हा होतो, पण डिपॉझिट ठेवून घेतलं ते गेल्या वर्षी. म्हणून अर्ज आज दिला तरी कलम जुनंच लागेल, भादंवि ४०९. त्यात एजंटचा स्पष्ट उल्लेख आहे. मी नको म्हटलं. मला हिशेब हवाय, त्याची कैद नको. शिवाय पोलिसांची भीती घालून पैसे काढायला गेलं की आपलीच बाजू लंगडी पडते.

१० जुलै
सकाळी सव्वासातच्या सुमारास भूकंप. मांडणीवरची भांडी वाजली, सगळे अंगणात. या भागाला जमिनीतल्या आवाजाची सवय आहे, तरी ४.५ म्हणजे जरा जास्तच. मार्चमध्येही असाच झाला होता. पहिला फोन कुणाचा, तर एजंटचा! टीव्हीवर पाहिलं म्हणे. "काळजी घ्या काकू." मी म्हटलं, घेते, बावीस हजारांचं काय? नेटवर्क गेलं त्याचं.

दुपारी नोटीस लिहायला बसलो. आधार १८७२ चा करार कायदा. दीडशे वर्षांपूर्वीचा, पण माझं दुखणं त्यात क्रमवार लिहून ठेवल्यासारखं. २१२: एजंटानं कौशल्य आणि काळजी वापरायची, हयगयीचं नुकसान भरून द्यायचं. २१३: मागेल तेव्हा हिशेब द्यायचा. २१४: अडचण आली की मालकाला कळवायचं. २१८: मालकासाठी घेतलेले पैसे मालकाला द्यायचे. भाच्याला लांबलचक इंग्रजी मसुदा हवा होता. मी मराठीत लिहायला लावला, एका कलमाखाली एक गोष्ट, बाजूला तारीख आणि रक्कम. पस्तीस वर्षं वह्या तपासल्यात, पसारा चालत नाही मला.

१७ जुलै
एकादशी. एजंटच्या कार्डावर रेराचा नंबर मोठ्या अक्षरात छापलाय, म्हणून महारेराकडे जावं असं मनात होतं. भाच्यानं २०१६ च्या रेरा कायद्यातली एजंटची व्याख्या वाचून दाखवली: प्रकल्पातल्या प्लॉटच्या, फ्लॅटच्या विक्रीत मध्यस्थी करणारा. भाड्याचं काम त्यात बसत नाही. तो नंबर बघून विश्वास आपण भाड्यासाठी ठेवायचा, आणि तो लागू फक्त विक्रीला. साबुदाण्याची खिचडी खाऊन विषय संपवला.

५ ऑगस्ट
त्याच्या वकिलाचं उत्तर. अशील केवळ मध्यस्थ. घर भाड्यानं देणं हा धंदा, म्हणून मी ग्राहकच नाही. आणि काय करायचं ते पुण्याच्या कोर्टात करा.

पहिल्याला उत्तर म्हणजे दरमहा कापलेले हजार रुपये आणि त्याचाच मेसेज: "दर तीन महिन्याला मी स्वतः इन्स्पेक्शन करतो." दुसऱ्याला भाच्यानं लीलावती मेडिकल ट्रस्टचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. नर्सेसच्या राहण्यासाठी घेतलेल्या फ्लॅटचा वाद होता. व्यापारी हेतू आहे की नाही, ते व्यवहाराचा मुख्य उद्देश बघून ठरवायचं, असं त्यात आहे. आमचा एकच फ्लॅट, तोही मुलासाठी घेतलेला. मुलगा बंगळूरला गेला म्हणून रिकामा. वाद होईल, होऊ दे.

तिसरं वाचून मात्र मला हसू आलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ३४. तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, समोरचा जिथं किंवा प्रकरण घडलं जिथं, तिथं जावं लागायचं. या माणसाचं सगळं भांडवल काय, तर कुरुंदा ते वाकड हे अंतर. म्हातारी बाई बावीस हजारांसाठी पुण्याला खेटे घालणार नाही, हा त्याचा हिशेब. तेवढा एक मात्र त्यानं चोख ठेवला होता.

२ सप्टेंबर
पोळा, आणि दोन दिवस धो धो पाऊस. हिंगोली, परभणी, नांदेड सगळीकडे हाहाकार. बैलांची मिरवणूक कसली, हळदीच्या सऱ्यांत पाणी उभं. हे गुडघाभर चिखलातून चर काढून आले. आज तक्रारीचं नाव नाही.

१८ सप्टेंबर
ई-दाखिलवर तक्रार चढवली. जिल्हा आयोग, हिंगोली. पाच लाखांपर्यंत फी नाही. व्हॉट्सअॅपचे मेसेज नुसते छापून चालत नाहीत. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं, कुठल्या फोनवरून घेतलं वगैरे. मागणी: अडकलेलं डिपॉझिट, कापून न भरलेला मेंटेनन्स, साडेतीन हजार, खालच्यांच्या छताचा आणि ट्रॉलीचा खर्च प्लंबर-सुताराच्या बिलांप्रमाणे, दलाली परत. भाच्याला मानसिक त्रासाचे दोन लाख घालायचे होते. मी पंचवीस हजारांवर आणले. फुगवलेली बेरीज बघितली की तपासणाऱ्याचा खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

दाखल करायची मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे घाई नव्हती. पण सोसायटीनं व्याज लावायला सुरुवात केलीय.

२२ नोव्हेंबर
परवा मतदान झालं. निवृत्त असल्याचं सुख इलेक्शन ड्यूटीच्या वेळी कळतं.

आयोगाची नोटीस त्याला पोचली. संध्याकाळी फोन, पहिल्यांदाच "काकू" नाही. "मॅडम, हिंगोलीला यायचं कसं?" पूर्णेहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा, वसमतच्या पुढं लागतं, म्हणून सांगितलं. मग म्हणाला, आपण आपसात मिटवू. म्हटलं मिटवू, आयोगातच मध्यस्थीची सोय आहे, तिथं लेखी मिटवू. उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर वर पंधरा. त्यापुढं मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्येच सांगितलंय. तेही त्याला कळवलं.

२९ नोव्हेंबर
खात्यावर बावीस हजार आले. सोबत मेसेज: "फुल अँड फायनल." भाच्याला विचारून लगेच उत्तर टाकलं: रक्कम डिपॉझिटपोटी अंशतः मिळाली, बाकी मागण्या तक्रारीप्रमाणे कायम. वीजबिल वजा करून पैसे रात्रीच पोरांना पाठवले. हे म्हणाले, आलं ना डिपॉझिट, आता सोड. मी म्हटलं, मेंटेनन्स राहिलाय, छत राहिलंय. भाच्याला सोमवारी सुताराचं मूळ बिल घेऊन यायला सांगितलंय. झेरॉक्स चालणार नाही म्हणे.