मंडप आणि भिंत

औंढा नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन नको, मागे जा, असे सांगितल्यावर नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे वळले, अशी आख्यायिका हिंगोली जिल्ह्यात सांगतात. ते यादवकालीन शिल्प पाहताना आम्हांस आमच्याच चर्चची जुनी भिंत आठवली. प्रभूच्या दुःखसहनाच्या नाट्यासाठी दरवर्षी आम्ही तिच्यात खिळे ठोकत आलो. मंडप दोन दिवसांत उतरतो. भोके मात्र राहतात.

रोममध्ये काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या भग्नावशेषांत १९३७ साली उन्हाळी संगीतिका सुरू झाल्या. रंगमंच थेट त्या अवशेषांतच उभारीत. वास्तूला धोका पोहोचतो म्हणून १९९३ नंतर प्रयोग थांबले. २००१ साली ते परतले, पण रंगमंच अवशेषांपासून दूर सरकला होता. पूर्वी ज्यांच्या कुशीत तो उभा राही, त्याच भिंती आता त्याचे नेपथ्य झाल्या. संगीतात त्यामुळे काही उणे आले नाही.

येत्या प्रायश्चित्तकाळात आमचाही मंच भिंतीपासून दहा हात दूर, आपल्याच बांबूंवर उभा राहील. क्रूस तेथूनही सर्वांना दिसेल. देऊळ वळले, ते मागे सरकलेल्या भक्तासाठी, हे विसरून कसे चालेल?