चराचा तळ

वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेचं मातीकाम आमच्या उमरखेडच्या बाजूला आलं आणि आम्हा जुन्या ऑपरेटरांकडे कागद मागायला सुरुवात झाली. २८४ किलोमीटरचा मार्ग. वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत धावली; इकडे अजून भराव आणि कटिंग. गेटवरच्या सेफ्टीवाल्याला मी लायसन दाखवलं. त्यानं उलटंपालटं करून परत दिलं. "काका, हे रस्त्याचं झालं. मशीनचं सर्टिफिकेट आणा."

राग आला, पण पोराचं चूक नव्हतं. आरटीओचं लायसन एवढंच सांगतं की हा माणूस जेसीबी रस्त्यानं नेऊ शकतो. कायद्याच्या लेखी आमचं यंत्र रस्त्यावर येतं तेच मुळी जाता-येता, थोड्या वेळापुरतं, ताशी ५० किलोमीटरच्या आत. तिथे सगळा वाद लाइट की हेवी याचा. ७५०० किलोवर रेघ मारलेली आणि आमचं मशीन नेमकं त्या रेघेच्या आसपास भरतं. मागची बकेट या माणसाच्या हातात कशी चालते, हे तिथे कोणी बघत नाही. ते बघतात इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या परीक्षेत. साइटवर हेल्पर म्हणून लागून, उस्तादाच्या शिव्या खात शिकलेल्यांसाठी तिथे आरपीएल नावाची वेगळी वाट आहे. प्रश्न सोडवायचे, तोंडी द्यायची आणि मशीनवर बसून दाखवायचं.

मी त्याच वाटेनं परीक्षेला बसतोय आणि माझा भाचाही माझ्याच बॅचला आहे. संध्याकाळी तो मोबाइलवरून प्रश्न वाचतो, मी उत्तरं देतो. इंजिन चालू करण्याआधी काय तपासाल, हाताचे इशारे कोणते, विजेच्या तारेखाली बूम कशी न्याल, हे सगळं पाठ करायची गरज पडली नाही. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या भिंतींना आधार हवा, हेही बरोबर सांगितलं. असा आधार दिलेले किती चर आपल्या तालुक्यात पाहिले, असं कोणी विचारत नाही म्हणून बरं.

अडलं ते एकाच ठिकाणी. प्रात्यक्षिकात चर काढून त्याचा तळ सपाट करून दाखवायचा आणि करताना काय करतोय ते सांगायचं. भाच्यानं सहज विचारलं, "मामा, ओढताना बूम उचलता ती सोडायला नेमकी कधी लागता?"

मी म्हणालो, "समजते आपोआप."

"तसं लिहू का पेपरात?"

जाणकाराला सांगायला नको, तळ कोणालाही सरळ ओढता येत नाही. डिपर, म्हणजे बकेट धरणारा दांडा, जवळ घेतला की बकेटचे दात कमानीत फिरतात. डिपर उभा होईपर्यंत ते खाली घुसायला बघतात, पुढे तळ सोडून वर येतात. म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत बूम हळूहळू उचलायची, तिथून हळूहळू सोडायची आणि सगळा वेळ बकेट किंचित उघडत राहायची, नाहीतर तिचा कोन बदलतो. तीन हालचाली आणि हात दोन. उचलण्याचं सोडण्यात जे रूपांतर होतं, ते वेळेआधी झालं तर मध्ये पोट पडतं, उशिरा झालं तर उंचवटा राहतो. गटाराच्या पाइपखाली पोट राहिलं की गाळ नेमका तिथेच बसतो आणि वर्षभरात नगरपालिकेला लोकांचे फोन सुरू होतात.

त्यात आपली काळी माती. पावसानंतर ती बकेटला अशी चिकटते की रिकामी बकेट भरल्यासारखी जड लागते. जॅकखाली फळ्या टाकल्या नाहीत तर एक पाय रुततो, मशीन कलतं आणि हातानं जे सरळ ओढलं ते तिरकं निघतं. मुरुमात दुसरं दुखणं. एखादा गोटा दातात अडकून उपटला जातो आणि तळाला खड्डा पडतो. तो खड्डा सुट्या मातीनं भरून बकेटच्या पाठीनं थोपटला की दिसायला झकास दिसतो. पण मूळची माती ती मूळची, थोपटलेली ती थोपटलेली. पहिल्या पावसात ती खाली बसते आणि पाइपचा जोड उघडतो.

हल्लीच्या पोरांनी यावर सोपा उपाय काढलाय. दातांवर लोखंडी पट्टी वेल्ड करायची आणि तळ खरवडून काढायचा. वरून गिलावा केल्यासारखा चकचकीत. भरलेलं किती, कापलेलं किती, हे त्या चकचकीतपणात कळत नाही. मला ते बघवत नाही. मालकांना चालतं, कारण मालक तास मोजतात, तळ मोजत नाहीत. २०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई' म्हणून देशभर गंमत चालली होती, लोक आमचं खोदकाम बघत उभे राहायचे. माझ्याही साइटवर गर्दी जमली होती. सगळे बकेट वर येताना बघत होते. खाली वाकून तळ बघणारा एकही नव्हता, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

म्हणजे मला बघणारा हवाच असतो. इसापूरच्या कालव्याच्या कामावर इंजिनिअर लेव्हल लावायला आला की मी ग्रीसगन घेऊन खाली उतरायचो. पिनांना सकाळीच ग्रीस भरलेलं असायचं. तरी तिथेच घुटमळत, स्टाफवाला ओरडायचा ते आकडे ऐकायचो. आकडे जुळले की इंजिनिअर काही न बोलता पुढे सरकायचा. त्याच्या त्या न बोलण्यासाठी मी दिवसभर राबलेलो असायचो.

तर भाच्याच्या प्रश्नानंतर मी स्वतःच्या हातांकडे बघायला लागलो आणि हात बिघडले. आता उचल, आता सोड, असं मनात म्हणत ओढलेला तळ हेल्पर पोरानं काढावा तसा निघायला लागला. रात्री खांदा दुखायचा. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते परीक्षेच्या निमित्तानं विचारलं आणि हात रुसले.

उत्तर सापडलं ते साइटवर मिळालेल्या नव्या मशीनवर. बंद केबिन, एसी, आत गाणी लावायची सोय. त्या केबिनमध्ये माझा तळ जमेचना. मागची काच उघडली आणि जमायला लागला. एसी मला सोसत नाही असं सगळ्यांना वाटतं, मलाही तसंच वाटायचं. पण जुन्या मशीनवरसुद्धा मी भर जानेवारीत, थंडीनं बोटं वाकत नसताना, मागची काच उघडी ठेवायचो. मी ऐकत होतो. दात जास्त खोल शिरले की इंजिन दबतं, तळ सोडायला लागले की मोकळं होतं. त्या दबण्या-मोकळं होण्याच्या मधला आवाज धरून ठेवायचा, एवढंच हात करत होते. डिपर उभा झालाय की नाही हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता हे परीक्षकाला कसं सांगायचं? "कानानं" म्हटलं तर तो काय लिहील? त्याच्या कागदावर बूम, डिपर, बकेट, सुरक्षितता असे रकाने असणार. शिवाय मोकळ्या मैदानात चार मशीन एकदम चालू असतील तर मला माझं इंजिन ऐकू येईल की नाही, ही धाकधूक वेगळीच. तोंडीसाठी भाच्यानं मला पुस्तकी उत्तर घोटून दिलंय, डिपर काटकोनात येईपर्यंत बूम वर आणि त्यानंतर खाली. ते मी म्हणेन. लबाडी म्हणा हवं तर.

भाच्याला मात्र खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि कानात इअरफोन तसेच ठेवून मशीनवर चढला. त्याची पद्धत निराळी आहे. डिपरच्या बाजूला त्यानं खडूनं एक उभी रेघ मारलीय, ती ओळंब्यात आली की बूम सोडायला लागतो. मला हसू आलं. उस्तादासमोर अशी रेघ मारली असती तर त्यानं मला मशीनवरून खाली उतरवलं असतं.

चर काढून झाला. वरून बघताना तळ सरळ दिसत होता. काही न बोलता पुढे जावं असा होता. मी खाली उतरलो, दोन टोकांना खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. "मामा, परीक्षक एवढं बघत नाहीत," तो वरून म्हणाला. मी चवड्यावर बसून टेप दोरीखाली सरकवत गेलो. मधोमध बोटभर पोट निघालं आणि मला फार बरं वाटलं.