वाळू, वादी आणि पाच टायर

ओमानमध्ये दिवाळी आणि थंडीची चाहूल बरोबरच येतात. मे ते सप्टेंबर घर, ऑफिस आणि मॉल यांच्या एसीत काढले की मस्कतची मराठी मंडळी डबे भरतात, चटया गुंडाळतात आणि डोंगराकडे नाहीतर वाळूकडे निघतात. भारतातले आई-बाबा, सासू-सासरे याच सुमारास येतात. गाडीत मागे ही माणसे बसली की टायर हा विषय एकदम जिव्हाळ्याचा होतो. तिकडे बसून "वाळवंटात कशाला गाडी घालता रे?" म्हणून काळजी करणाऱ्या नातेवाइकांसाठीही हे लिहितो आहे.

इथे टायरला तीन प्रकारच्या जमिनी सोसाव्या लागतात. मस्कतहून बिदियाकडे जाताना ताशी १२० किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता, आणि पुढे थेट शर्किया सँड्सची, म्हणजे जुन्या वहिबाची वाळू. तिसरी जमीन म्हणजे वादी. आपल्याकडे वादी-प्रतिवादी कोर्टात भेटतात. इथली वादी म्हणजे डोंगरातले कोरडे नदीपात्र, धारदार दगडांनी भरलेले. जबल अख्दरला जाताना बिर्कत अल मौझजवळ पोलीस गाडी फोर बाय फोर आहे का ते पाहतात, टायर कसे आहेत ते मात्र आपले आपणच पाहायचे.

घाला भागातला आमचा टायरवाला मल्याळी, सगळे त्याला चेटा म्हणतात. त्याचे पहिले वाक्य ठरलेले: "साब, पहले तारीख देखो, बाद में दाम." टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. या उन्हात रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, म्हणून गोदामात वर्षानुवर्षे पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी तो महागच.

किमतीचा हिशेबही वयाशी जोडूनच करावा. समजा एक टायर ४० रियालचा आणि ४० हजार किलोमीटर चालणारा, दुसरा ६० रियालचा आणि ७० हजार चालणारा. हजार किलोमीटरला पहिला एक रियाल पडतो, दुसरा सुमारे ८५७ बैसे. दुसरा स्वस्त वाटतो. पण तुमची गाडी वर्षाला दहा हजारच चालत असेल, तर नक्षी झिजायला सात वर्षे लागतील आणि त्याआधीच रबर कडक होईल. तेव्हा न वापरल्या जाणाऱ्या किलोमीटरचे पैसे का मोजा? तेच पैसे बाजूची भिंत मजबूत असलेल्या टायरला द्यावेत.

कारण वादीत घात होतो तो बाजूनेच. दोन वर्षांपूर्वी वादी बनी औफमधून बिलाद सैतला जाताना एका कपारीने आमच्या मागच्या टायरची बाजू कापली. नक्षीतले भोक बुजवता येते, बाजूची चीर नाही. मोबाइलला रेंज नव्हती, ऊन उतरत होते आणि आई मागे जपमाळ काढून बसली होती. पाचवा टायर त्याच मापाचा, त्याच वयाचा आणि हवा भरलेला होता, म्हणून अर्ध्या तासात निघालो. बिलाद सैतला खजुरांमधून वाहणारा फलज पाहून आई म्हणाली, "हा तर आपल्या आगरातला पाट!"

वाळूत खोल नक्षीचा चिखलातला टायर घेऊन उपयोग नाही, तो वाळू उकरत खाली जातो. मध्यम नक्षीचा ऑल-टेरेन पुरतो. खरी करामत हवेची. एरवी ३५ पीएसआयच्या आसपास असलेली हवा वाळूत शिरण्यापूर्वी १५ ते १८वर आणली की टायर पसरतो, लांब होतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. मात्र इतक्या कमी हवेवर जोरात वळू नये, टायर रिममधून निसटतो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा परत भरलीच पाहिजे, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो. म्हणून गाडीत छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज ठेवावेच. हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना.

यंदा सहलीला निघण्यापूर्वी फराळाच्या डब्यांबरोबर पाचही टायरवरचे आकडे एकदा वाचा. पाहुण्यांच्या परतीच्या तिकिटाची तारीख आपण दहा वेळा बघतो, ही एकदा बघायला काय हरकत आहे?