पुसणारी शाई

पाडव्याला आमच्याकडे सालगड्याचं नवं साल धरतात. मागची उचल किती फिटली, नवी किती दिली, साल कितीचं ठरलं, हे सगळं त्याच दिवशी लिहून ठेवायचं असतं. २०२३चा पाडवा २२ मार्चला होता. त्या पानावर मी गड्याच्या उचलीचा आकडा जांभळ्या पेनाने लिहिला, आणि ते पेन घासलं की पुसणारं होतं. वहीच्या बाबतीत माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या. त्यांतली ही सगळ्यांत मोठी, म्हणून आधी तीच सांगते.

मानवत तालुक्यात आमची बारा एकर जमीन आहे. कापूस, सोयाबीन, तूर, आणि पाणी असलंच तर हरभरा. शेतीचा हिशोब आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहायचे. पेन निळं, अक्षर बारीक, ओळीखाली ओळ. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी वही माझ्याकडे दिली. मला ती वही किचकट वाटली. पेरणी, मजुरी, खताची उधारी सगळं एकाच रंगात, शोधायचं कुठे? मग मी परभणीहून रोजचं एक पान असलेली काळ्या पुठ्ठ्याची डायरी आणली आणि बारा रंगांच्या पेनांचा संच आणला. पुसता येणारी पेनं मुद्दाम निवडली. चुकलं तर खाडाखोड दिसणार नाही, पान स्वच्छ राहील, एवढाच विचार केला. मामांना दाखवलं तेव्हा त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पोरी, हे पुसतंय तर मग लिहायचं कशाला?" मला त्यांचा प्रश्न तेव्हा जुन्या माणसाचा वाटला.

१८ मे हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा स्थापनादिन. १९७२ साली विद्यापीठ सुरू झालं, तेव्हापासून ते मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं हक्काचं ठिकाण आहे. त्या दिवशीच्या खरीप मेळाव्याला मी भावाच्या गाडीतून मामांना घेऊन गेले. डायरी सोबत घेतली होती, कारण बियाण्याबद्दल ऐकलेलं टिपायचं होतं. उतरताना ती समोरच्या काचेखाली राहिली. गाडी उन्हात, काचा बंद. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते परभणीकराला सांगायला नको. चार तासांनी परत येऊन डायरी उघडली तर जानेवारी कोरा, फेब्रुवारी कोरा, मार्च कोरा. एप्रिलची अक्षरं विटल्यासारखी पुसट. आधी मला वाटलं, मी दुसरीच डायरी उघडली.

ही शाई खोडरबराने खरवडली जात नाही. घासल्याने उष्णता तयार होते आणि साठ अंशांच्या आसपास तिचा रंग जातो. काचेखाली तापलेल्या काळ्या पुठ्ठ्याने तेच काम न घासता केलं. उलट कडक थंडी मिळाली तर रंग परत येतो, असं भाच्याने सांगितलं. मी डायरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गावातल्या दुकानाच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवायला दिली.

सकाळी अक्षरं आली होती. पण सगळीच आली होती. मी लिहिलेली आणि मी पुसलेलीही. पाडव्याच्या पानावर चाळीस हजार आणि पंचेचाळीस हजार एकमेकांवर चढून बसले होते. आधी कोणता लिहिला आणि नंतर कोणता, ते मला आठवेना. गड्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्या वहीत असंलच की वहिनी." वहीत दोन आकडे आहेत हे त्याला सांगताना मला मान वर करता आली नाही. त्याने चाळीस सांगितला. मामा म्हणाले, "त्याचं खरं धरायचं. लिहिणारे आपण, चुकलोही आपणच." तोच आकडा धरला.

पाच हजारांचं मला काही वाटलं नाही. तो खोटं बोलला असंही मी म्हणत नाही. पण पुढे वर्षभर तो आमच्या रानात राबत असताना माझ्या मनात अधूनमधून शंका यायची, आणि तो माणूस त्या शंकेला मुळीच पात्र नव्हता. त्याच्याकडे वही नाही. त्याचा हिशोब माझ्याकडेच होता, आणि तो मी पुसणाऱ्या शाईत ठेवला होता.

पोथ्या लिहिणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार आपल्या किती आधी केला होता, हे मला नंतर उमगलं. मजकूर काजळीच्या काळ्या शाईने, अध्यायाची समाप्ती हिंगुळाच्या लाल रंगाने, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप. हरताळ फासणे हा शब्दप्रयोग तिथूनच आला. चूक दुरुस्त केली की तिथे पिवळा डाग उरायचा, इथे काही बदललं आहे हे वाचणाऱ्याला कळायचं. मला नेमका तो डागच नको होता.

दुसरी चूक त्याच पावसाळ्यातली. पुसणारी पेनं बाजूला ठेवली, पण रंगांचा सोस सुटला नव्हता. फवारणी करायची असेल त्या वावरापुढे लाल ठिपका, झाली की हिरवा. विहिरीजवळच्या वावरात सोयाबीनवर तणनाशक मारून झालं होतं आणि मी हिरवा ठिपका दिला होता. तीन दिवसांनी भाऊजी शेतातल्या आखाड्यावर आले, डायरी पाहिली आणि त्याच वावरात परत पंप फिरवला. सोयाबीन पिवळं पडलं, पंधरा दिवस वाढच थांबली. त्यात त्या वर्षीचा ऑगस्ट सगळा कोरडा गेला, ते वावर पुन्हा सावरलंच नाही.

मी भाऊजींना टाकून बोलले. सगळ्यांसमोर बोलले. ते डायरी हातात घेऊन बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मला तं दोन्ही सारखेच दिसायलेत." लाल आणि हिरव्यातला फरक न कळणं हे जन्मजात असतं, आईकडून येतं आणि पुरुषांत जास्त आढळतं. मिरची तोडताना ते प्रत्येक मिरची बोटांनी दाबून का पाहतात, हे मी लग्न झाल्यापासून पाहत होते, कधी विचारलं नव्हतं. मी रंग माझ्या डोळ्यांना छान दिसतील असे निवडले. ती डायरी घरातली चार माणसं वाचणार होती, त्यांतल्या एकालाही मी विचारलं नाही. भाऊजींची माफी मी त्याच दिवशी मागायला हवी होती. मागायला दिवाळी उजाडली.

बाकीच्या चुका लहान, पण कुणाच्या तरी कामी येतील. तुरीसाठी फिका पिवळा घेतला होता, आखाड्यावरच्या दिव्यात तो दिसतच नाही. जेल पेनाची शाई बहुतेक पाण्याची असते. ओल्या हाताने पान उलटलं की बऱ्याच पेनांची अक्षरं फुटतात, आणि शेतात कोरडा हात मिळतो कधी? त्याच शाईवरून हायलायटर ओढला तर ओळच्या ओळ माखते. जाड मार्कर पातळ कागदाच्या पाठीमागे उतरतो आणि उद्याचं पान आजच खराब करतो. बॉलपेनाची शाई तेलकट असते, पाण्याला दाद देत नाही. आता कोणतंही पेन घेतलं की शेवटच्या पानावर एक ओळ लिहिते, रात्रभर सुकू देते, सकाळी ओलं बोट फिरवते, आणि मग ते पान दिवसभर उन्हात ठेवते. यातून जे टिकलं तेच डायरीपर्यंत येतं.

सध्या माझ्याकडे तीनच वस्तू आहेत. झालेल्या गोष्टींसाठी निळं बॉलपेन, करायच्या गोष्टींसाठी पेन्सिल, आणि माणसांच्या पैशासाठी काळं बॉलपेन. आकडा चुकला तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहिते, जुना वाचता येईल असा ठेवते. ठिपके बंद केले. फवारणी झाली की "झाली" असं अक्षरात लिहिते, खाली तारीख आणि मारणाऱ्याचं नाव. उचलीच्या पानावर गड्याची सही घेते आणि तोच आकडा त्याच्या घरच्या कॅलेंडरवर त्याच्या मुलीकडून लिहून घेते.

ती २०२३ची डायरी मी टाकलेली नाही. पाडव्याच्या पानावर दोन्ही आकडे अजून आहेत.