तळ कोठें द्यावा?

मार्च सरत आला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर येऊन पडले आणि नगरच्या सपाटीवरचें ऊन दुपारीं दारें लावून बसावयास लावूं लागलें, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून एक जुनाच प्रश्न नव्यानें निघतो: यंदा उन्हाळ्यांत जावयाचें कोठें? एके काळीं या प्रश्नाचीं उत्तरें ठरलेलीं असत. ज्याला ऐपत असे तो महाबळेश्वरास जाई, ज्याला नसे तो आजोळीं जाई. आणि पुष्कळदां आजोळच अधिक थंड असे. आतां तंबू घेऊन डोंगरांत राहावयाची एक तिसरी वाट निघाली आहे. घरांतलीं मुलें तंबूचें नांव काढतात, मुलांची आई "तेथें पाण्याचें काय?" म्हणून विचारते, आणि आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जागा रम्य असावी आणि निवांत असावी.

हीं दोन विशेषणें आपण इतक्या सहजपणें जोडून वापरतों कीं, तीं जुळीं भावंडें असावींत असा समज होतो. वस्तुतः त्यांचें फारसें पटत नाहीं. रम्य जागेची कीर्ति होते; कीर्ति झाली कीं रस्ता होतो; रस्ता झाला कीं त्या रस्त्यानें मोटारी, भज्यांच्या गाड्या आणि ध्वनिक्षेपक येतात, आणि निवांतपणा मागच्या वाटेनें निघून जातो. तेव्हां तळाची जागा निवडणें म्हणजे या दोघांत सलोखा कसा घडवावा याचाच विचार करणें होय.

त्यासाठीं आम्हांला फार दूर जावें लागत नाहीं. आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. पण पूर्वेकडे कोरडें माळरान आणि पश्चिमेकडे सह्याद्रि ही त्याची वांटणी फार जुनी आहे. पश्चिमेच्या अकोले तालुक्यांत राज्यांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) आहे, रतनगड आहे, हरिश्चंद्रगड आहे. या सगळ्या मुलखाचा मोठा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे. म्हणून तेथें कोठें मुक्काम करूं देतात आणि कोठें नाहीं, हें वनखात्यास आधीं विचारावें हें ओघानेंच आलें.

आतां पाण्याचा प्रश्न. तो स्वयंपाकघरांतून आला म्हणून कोणीं त्यास लहान लेखूं नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'त गडाची जागा निवडतांना आधीं उदक पाहावें अशी ताकीद आहे. जें दुर्गांना लागू तें चार दिवसांच्या तंबूला लागू नसावें असें नाहीं. पण पाणी पाहणें म्हणजे काय, हें मात्र समजून घेतलें पाहिजे. भंडारदऱ्याच्या धरणाचें काम १९१० सालीं सुरूं झालें, १९२६ सालीं त्याचें उद्घाटन झालें, आणि त्यामागें आर्थर हिलचें नांव मिळालेला एक विस्तीर्ण जलाशय पसरला. त्याचीं चित्रें आपण पाहतों तीं बहुधा पावसाळा संपतांनाचीं असतात. तें पाणी प्रवरेच्या कालव्यांवरील शेतीसाठीं अडविलेलें आहे. उन्हाळ्यांत तें खालीं सोडलें जातें, आणि चित्रांत जेथें लाटा होत्या तेथें मे महिन्यांत भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. जलाशयाचा कांठ हें ज्यांचें स्वप्न असेल, त्यांनीं तें दिवाळीपर्यंत राखून ठेवावें.

याहून विलक्षण गोष्ट घाटघरच्या बाजूची. जिल्ह्यांतील सर्वांत दांडगा पाऊस तेथें कोसळतो. आणि उन्हाळ्यांत त्याच बाजूच्या वाड्यावस्त्यांतील बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशीं उतरतात. काळा कातळ पाणी फारसें पोटांत ठेवून घेत नाहीं. उतारावरून तें धांवत जातें तें खालच्यांचें होतें. अशा गांवीं एका कुटुंबानें तंबू ठोकून शहरी संवयीनें स्नानें केलीं, भांडीं घांसलीं, तर तें पाणी कोणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यांतलें असतें. म्हणून विहिरींत पाणी आहे एवढें पाहून भागत नाहीं. तें आपल्याला देऊन गांवाला पुरेल काय, हें विचारावें लागतें.

दुसरा मोह देखाव्याचा. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावर संध्याकाळीं उभें राहिलें म्हणजे मनुष्य बोलावयाचें विसरतो, आणि येथेंच तंबू लावूं असें त्याला वाटतें. आमचा याविषयींचा नियम थोडा रुक्ष आहे: जें पाहावयाचें, तेथें राहूं नये. कड्यावर वारा तंबूला झोंबतो, अंधारांत मुलांवर सारखी नजर ठेवावी लागते, आणि मे महिन्यांत वळिवाचा ढग केव्हां चढेल याचा नेम नसतो. विजा चमकतांना उघडा कडा जितका वाईट, तितकेंच माळावरचें एकटें झाड वाईट. साम्रदची सांदण दरी दुपारीं गार व सुंदर वाटते. पण ती पाण्याची वाट आहे, आणि पाण्याच्या वाटेवर कोणीं अंथरूण घालूं नये. शिवाय जो देखावा उशाशीं असतो तो दुसऱ्या दिवशींच अंगवळणी पडतो. तोच अर्ध्या तासाच्या चालीवर असला म्हणजे रोज सायंकाळीं त्याच्या भेटीस जावेंसें वाटतें.

मग तळ द्यावा कोठें? याबाबतींत आमच्याच जिल्ह्यांतले धनगर आम्हांला गुरुस्थानीं वाटतात. पारनेर-संगमनेरकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरें, घोडीं, कुत्रीं व पोरेंबाळें घेऊन निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं घराकडे परततात. मधले कित्येक महिने ते तळावरच राहतात. त्या तळाला ते वाडा म्हणतात. वाडा घालण्यापूर्वीं चारा, पाणी आणि शेतधन्याची संमति या तीन गोष्टी ते पाहतात. देखावा त्यांच्या हिशेबांत नसतो. आणि गंमत अशी कीं, शेतकरी त्यांना हुसकून लावण्याऐवजीं पुष्कळदां धान्य वा पैसे देऊन आपल्या रानांत बसवून घेतो, कारण मेंढरांच्या लेंडीनें जमीन कसदार होते. ज्याच्या मुक्कामानें जागेचें मोल वाढतें, असा हा पाहुणा!

त्यांचा हिशेब आमच्या कामीं लावला तर जागा सांपडणें कठीण नाहीं. रतनवाडीसारख्या गांवाच्या कडेला भाताचीं खाचरें असतात. उन्हाळ्यांत तीं मोकळीं, सपाट आणि बांधबंदिस्त असतात. पेरणीसाठीं राब भाजलेला तुकडा सोडून, जुन्या आंब्याची दुपारची सांवली पोंचेल असें एखादें खाचर धन्याला विचारून घ्यावें, त्याचें भाडें द्यावें, आणि भाकरी-पिठलेंही त्याच्याच चुलीवरचें पैसे मोजून घ्यावें. देवराईंत मात्र तंबू नेऊं नये. ती दुसऱ्याच्या देवाची जागा आहे. अमृतेश्वराचें प्राचीन मंदिर व त्याची पुष्करिणी पहांटे पाहावी, आणि दुपारीं मुलांना त्या कोरीव खांबांविषयीं काय आठवतें तें विचारावें.

शेवटचा प्रश्न रात्रीचा. मेच्या अखेरीपासून मृगाच्या आगेमागें या खोऱ्यांतील झाडें काजव्यांनीं लखलखूं लागतात. ज्या किड्याला आपण दोन आठवडे पाहतों, त्याची अळी कित्येक महिने ओलसर मातींत व पालापाचोळ्यांत गोगलगाई खाऊन वाढलेली असते. नराचें लुकलुकणें हें मादीला घातलेलें आवतण असतें आणि मादी उजेडानेंच उत्तर देते. काजवा-महोत्सवाच्या दिवसांत मोटारींचे दिवे आणि विजेऱ्या त्या झाडांवर रोखल्या गेल्या, म्हणजे तें आवतण पोंचत नाहीं; आणि पायांखालचा पाचोळा तुडवला कीं पुढल्या वर्षींचे काजवे तेथेंच संपतात. त्यांचा उजेड पाहावयाचा असेल तर आपला उजेड विझवावा लागतो. निवांतपणाचेंही असेंच आहे. तो डोंगरांत साठवलेला सांपडत नाहीं. आपण आपला गोंगाट, आपली तहान आणि आपला दिवा जितका आवरूं, तितका तो हळूहळू गोळा होतो.

आम्हांला कोणी धान्य देऊन आपल्या रानांत बसवील, अशी धनगराची योग्यता आमची नाहीं. पण पुढल्या उन्हाळ्यांत आम्ही त्याच खाचराच्या बांधावर पुन्हा उभे राहिलों, आणि पाण्याचा हंडा उतरवून त्या घरच्या बाईनें कपाळाला आठी न घालतां "या" म्हटलें, तर तळाची जागा बरोबर निवडली होती असें समजावें.