न वाजवता तपासलेली तबकडी



इंदूरकरांना ग्रामोफोनच्या तबकडीचे नवल नाही. आपल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचे मारवा आणि दरबारी १९६० साली एलपीवरच निघाले. अशा तबकड्या आजही निघतात. त्या कशा तयार होतात हे आम्ही अलीकडे मुद्दाम समजून घेतले.

अ‍ॅल्युमिनियमच्या गोल पत्र्यावर लॅकरचा मऊ थर देतात. पत्रा फिरत असताना माणकाची किंवा नीलमण्याची तापवलेली सुई त्या थरात खाच कोरत जाते. वीस-बावीस मिनिटांच्या एका बाजूला सातशेच्या आसपास वेढे होतात. पण खाच एकच, अखंड, सुमारे साडेचारशे मीटर लांब! रुंदीला मात्र साधारण केसाहूनही बारीक.

म्हणून कापण्याच्या यंत्रावरच सूक्ष्मदर्शक बसवलेला असतो. कारागीर आधी पत्र्याच्या कडेला थोडीशी खाच कोरून पाहतो. खाच पुरेशी खोल आहे का? उथळ असेल तर पुढे सुई घसरेल. भिंती चकचकीत आहेत का? मळकट दिसल्या तर कोरणारी सुई झिजली असे समजावे. मोठ्या आवाजाला खाच जास्त नागमोडी होते. तेथे शेजारचे वेढे एकमेकांत घुसले नाहीत ना, हेही तो पाहतो.

एवढे डोळ्यांनीच का पाहायचे? कारण ही मूळ तबकडी वाजवून पाहत नाहीत. लॅकर इतका मऊ की सुई एकदा फिरली तरी बारीकसारीक आवाज झिजतात. पुढे हिच्यावरून निकेलचे साचे होतात आणि येथला दोष प्रत्येक प्रतीत उतरतो.

हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर पहिलीचा वर्ग आला. पहिलीपासून दरमहा लेखी परीक्षा घ्यावी, असा काही पालकांचा आग्रह आहे. मुलाला काय येते हे कळायला हवे, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. मोठ्या वर्गांना परीक्षा हवीच. पण सहा वर्षांच्या मुलाला गुणांच्या सुईखाली धरण्याआधी आम्ही त्याच्याकडे नीट पाहू इच्छितो. पेन्सिल कशी धरतो, ‘ळ’ म्हणताना कुठे अडतो, घरात हिंदी बोलणारे मूल मराठी वाक्य कुठे सोडून देते, हे शेजारी बसल्याशिवाय दिसत नाही.

या सत्रापासून पहिलीच्या बाई रोज पाच मुलांजवळ बसून असे टिपण ठेवतील. त्या वेळी बाकीचा वर्ग सांभाळायला आणखी एक बाई लागतील. विश्वस्त मंडळाने ही मागणी मान्य करावी, अशी आमची विनंती आहे. खर्च आहे, हे आम्ही जाणतो. पण खाच बिघडली तर कारागीर नवा पत्रा घेतो. आपल्याकडे ती सोय नाही.

पालकांनी दर शनिवारी येऊन आपल्या पाल्याचे टिपण जरूर पाहावे.